सावलीचा जमाखर्च

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या माणसाला ‘तुम्हाला चित्रकला येते का?’ असे विचारले, तर तो बहुधा चित्रांविषयी न बोलता परीक्षांविषयी बोलू लागतो. ‘एलिमेंटरीला बी ग्रेड होती,’ असे तो सांगतो, आणि मग किंचित ओशाळून ‘इंटरमिजिएट मात्र राहून गेली’ अशी पुस्ती जोडतो. १९६५ साली स्थापन झालेल्या कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या या शासकीय रेखाकला परीक्षांना आजही लाखांच्या संख्येने मुले बसतात; आणि दहावीच्या गुणपत्रिकेत त्यांच्यामुळे वाढीव गुण पडत असल्याने, एरवी चित्रकलेच्या तासाला गणिताचा जादा तास घेण्यास आनंदाने संमती देणारे पालकही या परीक्षांपुरते कलाप्रेमी होतात. वस्तुचित्राच्या पेपराला वर्गाच्या मध्यभागी एक स्टूल मांडावे, त्यावर तांब्या, पातेले, दोन कांदे, एखादे वांगे अशी घरगुती मंडळी ठेवावी, आणि भोवती बसलेल्या मुलांनी ती आपापल्या जागेवरून जशी दिसेल तशी कागदावर उतरवावी, असा या परीक्षेचा जुना शिरस्ता. आणि तो शिरस्ता उत्तम आहे याविषयी मला शंका नाही. शंका आहे ती त्याआधी वर्षभर चालणाऱ्या तालमीविषयी.

ही तालीम सर्वत्र सारखीच असते. प्रथम वस्तूची बाह्यरेषा काढावयाची, खोडरबराने ती स्वच्छ करावयाची, पुन्हा टोकदार पेन्सिलीने ठळक करावयाची. आणि अशी तारेची चौकट तयार झाली, की तिच्या आत उजव्या अंगाला काळे करीत जाऊन डाव्या अंगाला एक पांढरा ठिपका राखावयाचा. वर्गाच्या खिडक्या कोणत्याही दिशेला असोत, चित्रातला उजेड डावीकडूनच येतो. असे फर्मान कोणी काढल्याचे ऐकिवात नाही, पण त्याची अंमलबजावणी मोठी कडक आहे. या क्रियेला मुले ‘शेडिंग मारणे’ म्हणतात, आणि जे घडते ते पाहता त्यांचा शब्द रास्तच म्हटला पाहिजे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की छाया ही रेषेच्या आत मागाहून भरावयाची वस्तू नव्हे. वस्तूचा आकार आपल्याला कळतो तोच मुळी छायेमुळे, आणि म्हणून नवशिक्याच्या हाती रेषा देण्याआधी त्याच्या डोळ्यांना छटा ओळखावयास शिकविले पाहिजे.

हे म्हणणे सर्वस्वी माझे नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराच्या माडीवर रविवारी सकाळी चित्रकलेचा एक वर्ग भरतो. तो चालविणारे गृहस्थ एका माध्यमिक शाळेतून ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झालेले. आपले नाव छापू नये ही त्यांची अट असल्याने मीही त्यांना, मुले म्हणतात त्याप्रमाणे, केवळ ‘सर’ म्हणतो. खोलीच्या पश्चिमेकडील दोन्ही खिडक्यांवर जाड कापड कायमचे ठोकलेले, उत्तरेची एक खिडकी उघडी, आणि वर्ग चालू असेतो विजेचा दिवा लावावयाचा नाही, असा तेथील दंडक. मी गेलो त्या दिवशी स्टुलावर एक पितळी तांब्या आणि दोन कांदे होते. आठवीतल्या एका मुलीने तांब्या प्रमाणात, नीटस काढला होता, आणि शिरस्त्याप्रमाणे त्याला भोवतालून गडद रेघ दिली होती. सर तिच्यामागे येऊन उभे राहिले.

‘‘ही रेघ तुला कुठं दिसली, बाळ?’’

‘‘कडेला, सर.’’

‘‘कडेला रेघ नाही. कडेला तांब्या संपतो आणि मागची भिंत सुरू होते. आता बघ की नीट. डाव्या कडेला तांब्या उजळ आहे का भिंत?’’

मुलीने डोळे बारीक केले. ‘‘तांब्या.’’

‘‘आणि उजवीकडं?’’

बराच वेळ ती पाहत राहिली. ‘‘उजवीकडं भिंत उजळ आहे. आणि सर, खाली... खाली दोन्ही एकच दिसालंय.’’

‘‘मग खाली कड दाखवायचीच कशाला?’’ असे म्हणून सर पुढच्या मुलाकडे वळले. त्या मुलीने खोडरबर घेऊन खालच्या अंगाची रेघ पुसली, आणि पुसताक्षणी कागदावरचा तांब्या, जो इतका वेळ कातरून चिकटविल्यासारखा दिसत होता, तो खोलीतल्या हवेत येऊन बसला. कड कोठे ठेवावी आणि कोठे हरवू द्यावी, हा चित्रकलेतला फार मोठा प्रश्न एका आठवीतल्या मुलीने रविवारच्या सकाळी, त्याचे शास्त्रीय नाव ठाऊक नसताना, सोडविला होता.

ती कडेची रेघ आपल्या शाळांत आली कोठून, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली दिलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून मुंबईच्या कलाशाळेची तजवीज झाली आणि १८५७ च्या मार्चमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये तिचे पहिले वर्ग भरले. या शाळेचा हेतू चित्रकार घडविण्यापेक्षा कुशल कारागीर घडविण्याचा अधिक होता, आणि तिला आदर्श होता लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील पद्धतीचा: छापील नमुन्यांवरून स्वच्छ बाह्यरेषा उतरविणे, भूमितीच्या आकृत्या काढणे, आणि या पायऱ्या पार केल्यावरच प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास करणे. १८६५ साली येथे शिक्षक म्हणून आलेले लॉकवुड किपलिंग, ज्यांचे चिरंजीव रुडयार्ड त्याच वर्षअखेरीस मुंबईत जन्मले, याच पद्धतीच्या मुशीतले. लोखंडी कठड्याचा नमुना काढणाऱ्या कारागिराला बाह्यरेषा हीच सर्वस्व असते, आणि त्याच्यापुरती ती पद्धत योग्यही होती. पण तीच पुढे साऱ्या शाळांत झिरपली, आणि कारागिराच्या गरजेतून निघालेला क्रम चित्राचा नैसर्गिक क्रम म्हणून रूढ झाला.

गमतीचा भाग असा, की ज्या १८५७ साली मुंबईत हे वर्ग उघडले त्याच वर्षी जॉन रस्किनने नवशिक्यांसाठी पत्ररूपाने लिहिलेले ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात साउथ केन्सिंग्टनच्या नेमका उलट मार्ग सांगितलेला होता. रस्किनचा पहिला धडा म्हणजे एक लहानसा चौकोन. तो बारीक रेघांचे थर एकमेकांवर चढवून इतका समान भरावयाचा, की कोठेही डाग पडू नये आणि कोठेही फट राहू नये. निसर्गात रेषा नसतात, निरनिराळ्या छटांचे प्रदेश एकमेकांना भिडलेले असतात, ही त्याची भूमिका. हे पुस्तक मुंबईच्या शाळेच्या वर्गांत शिरले असते, तर आमच्या तांब्यांचे भाग्य निराळे झाले असते.

परंतु छायेचे शास्त्र आपल्याकडे साहेबाबरोबर बोटीतून आले, असा समज कोणी करून घेऊ नये. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात उंचसखलपणा दाखविण्याच्या क्रियेला ‘वर्तना’ असे नाव असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत: पानावरील शिरांसारख्या रेषांनी साधलेली पत्रजा, अतिसूक्ष्म अशी ऐरिका, आणि ठिपक्यांनी उभारलेली बिंदुजा. आजच्या वर्गात ज्यास हॅचिंग, फिकट थर देणे आणि स्टिपलिंग म्हणतात, त्यांच्याशी हे प्रकार किती जवळचे आहेत हे चित्रकाराला सांगावयास नको. त्याच ग्रंथात असे निरीक्षण आहे, की चित्र पाहताना आचार्य रेषेची वाखाणणी करतात आणि जाणकार वर्तनेची. अलंकारांवर आणि रंगांच्या श्रीमंतीवर लुब्ध होणाऱ्यांना तेथे त्याखालची पायरी दिलेली आहे. म्हणजे रेषा थोर की छाया, हा वाद आपल्याकडेही जुनाच. फक्त दोन्ही पक्षांना मान होता.

या वर्तनेचे सर्वांत भव्य उदाहरण अजिंठ्याला आहे, आणि मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना ते अगदी जवळून पाहण्याची संधी मिळाली हा इतिहासातला एक सुखद योगायोग होय. त्याच शाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत पेस्तनजी बमनजी आदी विद्यार्थी लेण्यांत राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्यांतील पुष्कळशा लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्येच आगीत नष्ट झाल्या. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहताना आपल्या ध्यानात येते, की त्याच्या देहावरील छाया कोणत्याही एका खिडकीतून आलेल्या उजेडाची नाही. नाकाचा दांडा, हनुवटी, ओठ हे उंच भाग उजळलेले, आणि कडांकडे वळताना वर्ण गडद होत गेलेला. सूर्य कोणत्या दिशेला आहे हा प्रश्नच तेथे उपस्थित होत नाही. यूरोपीय छायाप्रकाश हा उजेडाचा इतिवृत्तांत आहे, तर वर्तना ही घनतेची कल्पना आहे. माझ्या मते नवशिक्याने आरंभ यूरोपीय छायाप्रकाशापासून करावा, कारण तेथे चूक झाली तर ती समोरच्या वस्तूकडे बोट दाखवून सिद्ध करता येते. वर्तनेला परिणत मन लागते.

आता साहित्याकडे वळू. पेन्सिलीच्या आतील काळी कांडी म्हणजे ग्राफाइट, हा कार्बनचाच एक अवतार, ज्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात आणि कागदाच्या खरखरीत पृष्ठावर अडकून राहतात. सोळाव्या शतकात इंग्लंडातील बॉरोडेल येथे त्याची उत्कृष्ट खाण सापडली होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धात हा इंग्रजी माल फ्रान्सला मिळेनासा झाला, तेव्हा निकोला-झाक काँते याने ग्राफाइटची पूड चिकणमातीत मिसळून भट्टीत भाजण्याची युक्ती काढली आणि १७९५ साली तिचा हक्क नोंदविला. मातीचे प्रमाण वाढविले की कांडी कठीण व फिकी होते, कमी केले की मऊ व काळी. दुकानातल्या पेन्सिलींवरील एच आणि बी या अक्षरांचे सारे रहस्य एवढेच. आपल्या मुलांच्या दप्तरातल्या नटराज आणि अप्सरा या पेन्सिली १९५८ साली मुंबईत सुरू झालेल्या हिंदुस्थान पेन्सिल्सच्या, आणि देशातल्या पेन्सिलींना लागणाऱ्या लाकडाचा फार मोठा हिस्सा काश्मीरमधील पुलवामाकडच्या पॉपलरचा. बाजारात बारा-बारा पेन्सिलींचे देखणे डबे मिळतात. आरंभी त्यांची गरज नाही. सरांच्या वर्गात दोनच पेन्सिली चालतात, टूबी आणि सिक्सबी, आणि त्यांतही पहिला महिना दुसरीला हात लावू देत नाहीत.

टोक मात्र शार्पनरने काढावयाचे नाही. अर्ध्या ब्लेडने लाकूड लांब उतरते तासून कांडी बोटाच्या पेराएवढी उघडी ठेवावयाची, आणि मग ती जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर तिरपी घासून तिला एक सपाट बाजू आणावयाची. लिहिण्यासाठी धरतो तशी पेन्सिल धरली की हात मनगटातून हलतो आणि रेघा आखूड, करकरीत येतात. तळव्याखाली आडवी धरली की खांदा हलू लागतो, आणि रुंद, मऊ पट्टे पडतात. कागद कार्ट्रिजचा, किंचित दाणेदार असावा. १९४० पासून हातकागद करीत आलेल्या पुण्याच्या संस्थेचा कागद मिळाला तर सोन्याहून पिवळे, पण झेरॉक्सच्या गुळगुळीत कागदावर ग्राफाइटला धरावयास जागाच नसते आणि सिक्सबीदेखील तेथे पोलादासारखी चकाकत राहते.

पहिला अभ्यास पट्टीचा. एक इंच रुंदीचे नऊ चौकोन ओळीने आखावेत. पहिला कोरा सोडावा, नववा पेन्सिलीला जितके काळे करता येईल तितका काळा करावा, मग बरोबर मधला पाचवा भरावा, त्यानंतर तिसरा व सातवा, आणि शेवटी राहिलेले. कारण डावीकडून क्रमाने भरीत गेले, की हात आपोआप जड होतो आणि सहाव्या चौकोनापाशीच काळेपणाची मर्यादा संपते. प्रत्येक चौकोन एकाच दाबाने न भरता फिकट थरांवर थर देऊन गडद करीत न्यावा. हे काम ऐकावयास पोरकट वाटते, पण करू जाता असे आढळते, की सर्व नवशिक्यांचे चौकोन मधल्या करड्या प्रदेशात दाटी करतात. काळ्याची त्यांना भीती वाटते, आणि पांढरे राखण्याचा धीर त्यांच्यापाशी नसतो. पेन्सिलीच्या कामात पांढरा रंग बाहेरून आणता येत नाही. कागदाचे पांढरेपण हीच आपली मूळ ठेव. तिच्यातून चित्रभर खर्च करावयाचा, आणि एकदा खर्ची पडलेला भाग खोडरबर पुरतेपणी परत जमेस धरीत नाही. ज्याला अखेरीस तांब्याच्या काठावर एक झळाळी हवी आहे, त्याने ती पहिल्या रेघेपासून शिल्लक टाकलेली असली पाहिजे.

पट्टी बऱ्यापैकी साधली, की कांदा घ्यावा. जगातल्या साऱ्या कलाशाळांत याकामी प्लास्टरचा पांढरा गोल ठेवतात. पण कांद्यात एक सोय अशी आहे, की त्याच्या सालीवरच्या शिरा मुळापासून देठापर्यंत गोलाईला धरून वळत जातात, आणि छायेच्या रेघा कोणत्या दिशेने ओढाव्या हे तो स्वतःच दाखवून देतो. तो उत्तरेच्या खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिला, की पहिल्या दृष्टीला दोनच गोष्टी दिसतात, उजळ अंग आणि काळे अंग. पाहत राहिले, की हळूहळू सहा दिसू लागतात. ज्या जागी खिडकी प्रत्यक्ष परावर्तित होते तो तेजोबिंदू. त्याच्याभोवतीचे उजळ अंग. पृष्ठ उजेडापासून तिरपे होत जाते तेथील मध्यछटा. मग, अगदी कडेला नव्हे, तर कडेच्या अलीकडेच, सर्वांत गडद असा छायेचा पट्टा. त्या पट्ट्याच्या पलीकडे, कडेलगत, टेबलावरच्या कागदावरून परत उसळलेल्या उजेडाने किंचित निवळलेली जागा. आणि शेवटी टेबलावर पडलेली पडछाया. यांतील पाचवी गोष्ट, म्हणजे परावर्तित प्रकाश, ज्याला प्रथम दिसते त्याला इतका हर्ष होतो, की तो तिला भलतीच उजळ करून टाकतो, आणि कांदा पोकळ पत्र्याचा दिसू लागतो. नियम असा, की छायेच्या हद्दीतली सर्वांत उजळ जागासुद्धा प्रकाशाच्या हद्दीतल्या सर्वांत गडद जागेहून गडदच असते. पडछायेचेही असेच. कांदा जेथे टेबलाला टेकतो तेथे ती काळीभोर आणि रेखीव, आणि जसजशी दूर जाते तसतशी फिकी व पुसट कडांची होते. मुले मात्र ती एकाच काळ्या रंगाने भरतात आणि टेबलाला भोक पडते.

तांब्याची अडचण निराळी. त्याचे तोंड आपल्याला वर्तुळ म्हणून ठाऊक असते, पण दिसते लंबवर्तुळ. आणि जे ठाऊक आहे व जे दिसते आहे यांच्या ओढाताणीत मुले दोन कंस काढून टोकाशी जोडतात, त्यामुळे तोंडाला डोळ्यासारखे कोपरे येतात. लंबवर्तुळाला कोपरा कोठेच नसतो. अगदी अरुंद झाले तरी ते टोकांशी वळतेच. दुसरी चूक याहून सार्वत्रिक आहे. वरचे लंबवर्तुळ ठीक काढून झाल्यावर तळ सरळ रेघेने आखतात, कारण टेबल सपाट असते हे त्यांना माहीत असते. वस्तुतः तळ आपल्या दृष्टिरेषेपासून तोंडापेक्षा अधिक खाली असल्याने त्याचे लंबवर्तुळ तोंडापेक्षा अधिक फुगीर दिसावयास हवे. आणि पितळेची छाया मातीच्या मडक्यासारखी सावकाश उतरत नाही. ती तुटक असते. काळ्याशेजारी एकदम पांढरे, त्यात खिडकीच्या गजांची वाकडी प्रतिबिंबे. त्या मुलीने मडक्याची मऊ छाया तांब्याला दिली होती, म्हणून कड हरवल्यावरही तो पितळी दिसत नव्हता. पितळ मुख्यतः रंगाने नव्हे, छटांच्या उड्यांनी ओळखू येते.

एका सवयीविषयी मात्र मला कठोर बोलावे लागेल, आणि ती म्हणजे बोटाने घासणे. पेन्सिलीचे काम झाले की त्यावर बोट फिरवून सारे गुळगुळीत करावयाचे, ही खोड शिकवणीच्या वर्गांतून सर्रास लावली जाते, कारण पाच मिनिटांत चित्र ‘फिनिश’ दिसते. पण बोटाचे तेल कागदात उतरते, दाणे चेपले जातात, पांढरे राखलेले भाग मळतात, आणि ज्या रेघांनी गोलाई सांगितली होती त्या पुसल्या जाऊन सगळीकडे एकच करडे धुके पसरते. कागदाच्या घट्ट वळकटीने घासणे हे मान्यताप्राप्त तंत्र आहे, पण छटा आधी पेन्सिलीने बरोबर लागलेली असेल तरच त्याचा उपयोग. घासल्याने चुकीची छटा बरोबर होत नाही. ती फक्त मऊ चूक होते.

छटा बरोबर लागण्यात खरा अडथळा हाताचा नसून डोळ्याचा आहे. एकच करडा रंग काळ्याशेजारी उजळ व पांढऱ्याशेजारी गडद भासतो. एडवर्ड एडेलसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९५ साली बुद्धिबळाच्या पटाचे एक चित्र करून दाखविले, ज्यात सावलीतला ‘पांढरा’ चौकोन आणि उन्हातला ‘काळा’ चौकोन प्रत्यक्षात तंतोतंत एकाच छटेचे आहेत. हे सांगितल्यावरही डोळा ते कबूल करीत नाही. यावर जुन्या मास्तरांचे दोन उपाय आहेत. डोळे किलकिले करून पाहावे, म्हणजे तपशील विरघळतो आणि छटांचे मोठे प्रदेश उरतात. आणि पोस्टकार्डाला एक लहान भोक पाडून ते हात लांब करून वस्तूसमोर धरावे, म्हणजे शेजाऱ्यांच्या साक्षीवाचून त्या एका जागेची छटा समजते. सरांच्या वर्गात प्रत्येक मुलाच्या पाटीला असे एक भोकाचे पोस्टकार्ड दोऱ्याने बांधलेले होते.

उत्तरेच्या खिडकीविषयीही एक खुलासा करणे अवश्य आहे. ऊन सरळ आत येत नाही, त्यामुळे छाया तासनतास एका जागी राहतात, म्हणून चित्रकार उत्तरेचा उजेड पसंत करतात, असे सर्व पुस्तकांत असते. पण ती पुस्तके यूरोपात लिहिलेली आहेत. आपला मुलूख कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने, मे महिन्यातल्या शून्य सावलीच्या दिवसापासून तसाच दुसरा दिवस येईपर्यंत, म्हणजे मुंबईस जुलैच्या अखेरीपर्यंत आणि कोल्हापुरास ऑगस्टच्या आरंभापर्यंत, भरदुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत उत्तरेची खिडकी दगा देऊ शकते. बरे इतकेच, की त्यातला बराच काळ आभाळ भरलेले असते.

छायेकडे अशा रीतीने पाहावयास शिकलेला डोळा केवळ चित्राच्याच कामी येतो असे नाही. १६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या टॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे रेखाटन केले, पण त्यात काही डाग आणि एक वेडीवाकडी सीमारेषा यांपलीकडे काही नाही. काही महिन्यांनी गॅलिलिओने तोच चंद्र पाहिला. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांत वावरलेल्या आणि रेखाटनाचा अभ्यास केलेल्या या माणसाला अंधाऱ्या भागात सीमेपलीकडे चमकणारे ठिपके दिसले तेव्हा त्याने ओळखले, की ही पर्वतशिखरे आहेत, आणि पायथ्याला पोचण्यापूर्वी त्यांच्या माथ्याला ऊन लागले आहे. १६१० च्या मार्चमध्ये त्याच्या पुस्तकात चंद्राची ती छायाप्रकाशयुक्त चित्रे छापली गेली.

आपल्याकडे या विद्येची परमावधी पाहावयाची असेल, तर सावंतवाडीस जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र पाहावे. हाती दिवा घेऊन उभी असलेली स्त्री; तिच्या आडव्या धरलेल्या तळव्यामुळे ज्योत आपल्याला दिसत नाही, दिसतात त्या उजेडाने लालबुंद झालेल्या बोटांच्या फटी, आणि खालून उजळलेला चेहरा. चित्रासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात ते चित्र आहे, आणि रविवर्म्याचे म्हणून त्याची तारीफ करणारे प्रेक्षक तेथे आजही भेटतात. जलरंगात पांढरा म्हणजे पुन्हा कागदच. हळदणकरांनी तो इतक्या कंजूषपणे खर्चिला आहे, की उरलेल्या काळोखाला त्याने किंमत आली.

दिवाळी अंकाच्या वाचकाने आणखी एका शाळेचे ऋण मानले पाहिजे, ती म्हणजे छापखान्याची. मडगावचे चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला त्या काळात कथांची चित्रे बहुधा लाइन ब्लॉकवर छापली जात. लाइन ब्लॉकला करडा रंग कळत नाही. शाई लागते किंवा लागत नाही. हाफटोनचा ब्लॉक करावा तर खर्च वाढतो आणि कागदही बरा लागतो. तेव्हा संध्याकाळचा मंद प्रकाश, पदराची घडी, कौलारू घराचा ओसरा, हे सारे निव्वळ काळ्या रेघांच्या दाटीविरळीने दाखविणे चित्रकाराला भाग होते. जुन्या अंकांची पिवळी पाने घेऊन भिंगाखाली त्या रेघा पाहाव्यात. पत्रजा वर्तनेचा याहून स्वस्त पाठ्यग्रंथ मिळणार नाही.

आज अनेक शाळांत चित्रकलेचा पूर्णवेळ शिक्षक उरलेला नाही, आणि जेथे आहे तेथे त्याच्याकडे निवडणुकीच्या कामापासून फलकलेखनापर्यंत सारे सोपविलेले असते. अशा स्थितीत हा अभ्यास घरातच सुरू करावा लागेल, आणि पालकांस माझी विनंती आहे ती त्यासंबंधीच. मुलाने पहिल्याने भरलेली नऊ चौकोनांची काळवंडलेली पट्टी पाहून ‘यात चित्र कोठे आहे?’ असे विचारू नये. तिच्या मागे तारीख घालावी आणि ती वहीत ठेवावी. सहा महिन्यांनी त्याच पेन्सिलीने, त्याच जातीच्या कागदावर दुसरी पट्टी भरवून घ्यावी, आणि दोन्ही शेजारी ठेवून मुलालाच पाहू द्याव्यात. ग्रेड कोणती मिळाली हे विचारावयाचे असेल, तर त्यानंतर विचारावे.